पाच स्लाइड्स आणि दोन सेंटिमीटरचा मणी

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील. ट्रान्सक्रिप्टमध्ये त्या मी काढून टाकल्यात, बाकी बोललो ते बहुतेक तसंच ठेवलंय.

आजचा विषय छोटा आहे. म्हणजे अक्षरशः छोटा, दोन सेंटिमीटरचा. पॉलिमर क्लेचा हातानं केलेला एक मणी, आणि त्याचा फोटो. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? पण गेल्या चाळीसेक वर्षांत हा मणी कोणी विकत घ्यायचा, कुठल्या प्रदर्शनात ठेवायचा, त्याला कला म्हणायचं की छंदवर्गातला टाइमपास, हे सगळं ठरवलं ते मणी हातात घेऊन नाही. फोटो बघून ठरवलं.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. १९८० च्या दशकातली अमेरिका. एक अंधारी खोली, समोर पडदा, आणि शेजारीशेजारी लावलेले पाच स्लाइड प्रोजेक्टर. खुर्च्यांवर तीन-चार परीक्षक, मांडीवर गुणांचे कागद. खट्ट असा आवाज होतो आणि पाच चित्रं एकदम पडद्यावर येतात. काही सेकंद जातात, परीक्षक आकडा लिहितात, परत खट्ट, पुढचा कलाकार. असे शेकडो. कलाकार खोलीत नाही, त्याचं नावही सांगितलेलं नाही. वस्तू तर हजार किलोमीटरवर त्याच्या घरी पडलेली.

याला म्हणतात ज्युरीड प्रदर्शन. पैसे भरले की स्टॉल मिळाला, असं इथे नसतं. आधी निवड होते. अमेरिकन क्राफ्ट कौन्सिलची ऱ्हाइनबेकची जत्रा घ्या. न्यू यॉर्क राज्यातलं ऱ्हाइनबेक हे छोटं गाव, १९७३ पासून तिथे ही जत्रा भरायला लागली. देशभरातले दुकानदार तिथे येऊन घाऊक ऑर्डर द्यायचे. हातानं भांडी घडवणारा, विणणारा, दागिने करणारा माणूस तिथे आत गेला तर वर्षभराचं काम मिळायचं, नाही गेला तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघ. आणि आत जायचा रस्ता त्या पाच स्लाइड्समधून जायचा. साधारण चार कामाच्या, एक स्टॉलची.

स्लाइड म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या लोकांनाही सांगावं लागतं. ३५ मिलीमीटर फिल्मचा एक तुकडा, पण निगेटिव्ह नाही, सरळ रंगीत चित्र, पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेलं. आईबाबांना विचारा, थिएटरमध्ये पिक्चर सुरू व्हायच्या आधी साडीच्या दुकानाची आणि 'धूम्रपान करू नये'ची जी पाटी दिसायची ती याच जातीतली. कोडॅकनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोसेल नावाचा प्रोजेक्टर आणला, वर गोल थाळी, त्यात ऐंशी खाचा. एकेक स्लाइड वरून आपोआप खाली पडायची. हे यंत्र नसतं तर एका दिवसात शेकडो अर्ज बघणं कोणाला जमलंच नसतं. मला इथे गंमत वाटते ती अशी, की निवडीची पद्धत परीक्षकांनी विचार करून आखली असेल, पण तिची चाल ठरवली एका प्लॅस्टिकच्या थाळीनं.

आता मण्याकडे येऊ. पॉलिमर क्ले ही खरं तर माती नाहीच. ते पीव्हीसी आहे, तुमच्या घरातल्या पाइपचंच, फक्त त्यात प्लॅस्टिसायझर आणि रंग मिसळून मऊ केलेलं. घरच्या ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांना भाजलं की घट्ट होतं. तिचा एक जन्म जर्मनीत झाला. केटे क्रुझ ही तिथली प्रसिद्ध बाहुल्या बनवणारी. तिच्या मुलीनं, घरात तिला फिफी म्हणायचे, बाहुल्यांच्या डोक्यांसाठी म्हणून हे मिश्रण हाताळलं आणि पुढे स्वतःच विकायला घेतलं. १९६४ मध्ये तिनं ते एबरहार्ड फाबर कंपनीला दिलं. आज दुकानात जी 'फिमो' मिळते त्यातलं 'फि' म्हणजे फिफी. दुसरा जन्म अमेरिकेत, १९६० च्याच दशकात. तिथे हे मिश्रण ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी बनवलं होतं. त्या कामाला काही ते आलं नाही. पण कोणीतरी त्याची बाहुली करून भाजली आणि 'स्कल्पी' नावाचा धंदा उभा राहिला. आमच्या क्षेत्रात अशा गोष्टीला पिव्हट म्हणतात आणि त्यावर तासभर भाषण देतात. असो.

बराच काळ ही क्ले खेळण्यांच्या आणि छंदाच्या दुकानातच होती. १९८० च्या दशकात काही लोकांनी ती गंभीरपणे हातात घेतली. पिअर व्होल्कस ही त्यातली एक, मूळची नर्तकी. तिचे वडील पीटर व्होल्कस म्हणजे अमेरिकन सिरॅमिक्समधलं फार मोठं नाव. फिलाडेल्फियात स्टीव्हन फोर्ड आणि डेव्हिड फोर्लानो ही जोडी होती. १९९१ मध्ये नॅन रोश यांचं 'द न्यू क्ले' हे पुस्तक आलं आणि इकडेतिकडे एकेकटे काम करणारे लोक एकमेकांना सापडायला लागले.

पण अर्जावर रकाने कसले? माती, काच, लाकूड, धातू, कापड, दागिने. प्लॅस्टिक नाही. परीक्षकाला समोरासमोर सांगितलं असतं की हे पीव्हीसी आहे, तर भुवया वर गेल्याच असत्या. आणि इथे स्लाइड कामाला आली, असं माझं मत आहे. पडद्यावर प्लॅस्टिक दिसत नाही. वजन कळत नाही, स्पर्श कळत नाही. टोरी ह्यूज या कलाकार बाईंनी पॉलिमर क्लेमध्ये हस्तिदंत, जेड, फिरोजा यांची हुबेहूब नक्कल करायच्या पद्धती बसवल्या. असा मणी फोटोत दगडाशेजारी ठेवला तर सांगायची सोय नाही. हातात हलका लागणारा मणी पडद्यावर चार फुटांचा होऊन एखाद्या मंदिराच्या कळसासारखा उभा राहतो.

अर्थात चार फुटांचं मोठेपण फुकट मिळत नाही. पॉलिमर क्ले बोटांचे ठसे फार प्रामाणिकपणे जपते. हातात न दिसणारा ठसा पडद्यावर नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. धुळीचा एक कण म्हणजे धोंडा. पॉलिमरवाले भाजलेला मणी पाण्याखाली ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासतात, मग ६००, मग १०००, आणि शेवटी कापडानं चमकवतात. हा शिरस्ता दागिना अंगावर मऊ लागावा म्हणून आहेच. पण त्या प्रोजेक्टरचाही त्यात हात असणार, असा माझा तर्क आहे.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, बॅकग्राउंड.

जुनी क्राफ्ट मासिकं किंवा प्रदर्शनांचे कॅटलॉग चाळलेत तर तुम्हाला एक ठरलेला लूक दिसेल. वस्तू मधोमध, खाली फिकट राखाडी, आणि वर जाता जाता तो राखाडी गडद होत काळा. पुढे कोपरा नाही, क्षितिज नाही. वस्तू जणू संध्याकाळच्या आभाळात तरंगतेय. मला आधी वाटायचं, ही त्या काळातली फॅशन. पण कारण अगदी व्यावहारिक आहे. अंधाऱ्या खोलीत पांढरं बॅकग्राउंड म्हणजे डोळ्यांवर टॉर्च. बाहुली आकसते, आणि मधला मणी उलट काळपट दिसतो. पूर्ण काळं घ्यावं तर गडद मण्याच्या कडाच हरवतात. म्हणून मधला मार्ग, खाली उजेड आणि वर अंधार. छापील ग्रेडियंटचे कागद यासाठी विकत मिळायचे. ज्यांना ते परवडत नसत ते साधा राखाडी कागद मागे वळवून भिंतीला टेकवायचे आणि दिवा पुढे घ्यायचे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे नववी-दहावीत आपण घोकलेलं असतं. दिवा वस्तूच्या जवळ आणला की मागचा कागद आपोआप काळोखात जातो. वेगळा ग्रेडियंट आणायची गरजच नाही.

उजेडाचं गणित पॉलिमरसाठी आणखी अवघड आहे, कारण याच लोकांनी एक विलक्षण गोष्ट शोधून काढली, मायका शिफ्ट. मोत्यासारख्या किंवा सोनेरी क्लेमध्ये अभ्रकाचे बारीक कण असतात. ती क्ले पास्ता मशीनमधून पुन्हा पुन्हा लाटली की ते कण पत्त्यांसारखे आडवे पडतात आणि आरशासारखे चमकतात. मग त्यावर ठसा दाबायचा. दाबलेल्या ठिकाणी कण तिरके होतात. आता वर आलेला भाग पात्यानं तासून टाकायचा आणि भाजून, घासून पृष्ठभाग सपाट करायचा. बोट फिरवलं तर काच. पण डोळ्याला तिथे खोल कोरीव काम दिसतं, आणि मणी हलवला की ते कोरीव काम सरकतं.

याचा फोटो काढून दाखवा बरं! नेहमीचा सल्ला असतो की चकचकीत वस्तूला सगळीकडून मऊ उजेड द्या, पांढऱ्या कापडाचा तंबू करा. मायका शिफ्टला तंबूत ठेवलं की सगळे कण सारखेच उजळतात आणि नक्षी गायब. उरतो एक बेज रंगाचा गोळा. तिला दिशा असलेला उजेड लागतो, एका बाजूनं, आणि तोही इतका कडक नको की मधोमध पांढरा डाग पडेल. आणि इतकं करून जे सरकतं त्याचा एकच क्षण मिळतो.

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे स्किनर ब्लेंड. १९९० च्या दशकात ज्युडिथ स्किनर यांनी दोन रंगांचे त्रिकोण जोडून त्यांची पट्टी एकाच दिशेनं घडी घालून पुन्हा पुन्हा लाटायची युक्ती काढली. वीसेक वेळा लाटलं की एका टोकाला पिवळा, दुसऱ्या टोकाला निळा आणि मधे सगळे हिरवे. तिनं ही पद्धत कुलूपबंद न ठेवता सगळ्यांना देऊन टाकली, आणि जगभर मणी बनवणारी मंडळी आज ती वापरतात. पण स्लाइड फिल्मला एवढा मोठा पल्ला पेलत नसे. उजळ टोक नीट आलं तर गडद टोक काळं. म्हणून एकच फोटो तीनदा काढायचे: एक ठीक, एक थोडा जास्त उजेडाचा, एक कमी. फिल्ममध्ये ३६ जागा, म्हणजे बारा मणी. आणि काय आलं ते लॅबमधून रोल परत येईपर्यंत कळायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा बिल्ड चार मिनिटं लागला तर जीव वर-खाली होतो, ही कल्पनाच सहन होत नाही.

खर्चाचंही बघा. मूळ स्लाइड एकच. पाच ठिकाणी अर्ज करायचा तर तिच्या प्रती काढायच्या, आणि प्रत काढली की कॉन्ट्रास्ट वाढतो, म्हणजे मऊ ब्लेंड आणखी भडक. चौकटीवर नाव, माप, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका, स्लाइड सरळ कशी धरायची ते कळावं म्हणून. फ्रेममध्ये नको ते आलं असेल तर चंदेरी टेप लावून झाकायचं. सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट, स्लाइड्स परत याव्यात म्हणून. नोकरीच्या अर्जांसोबत अशी पाकिटं आपल्याकडच्या कित्येकांनी पाठवली आहेत. ज्याला चांगला फोटोग्राफर परवडला त्याचं काम चांगलं दिसलं. नाव न सांगता केलेली निवड म्हणून ही पद्धत न्याय्य वाटते, आणि एका अर्थानं होतीही. पण खिसा स्लाइडमधून दिसायचाच.

मग डिजिटल आलं. कोडॅकनं २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. त्याच सुमारास डेन्व्हरच्या वेस्टर्न स्टेट्स आर्ट्स फेडरेशननं झॅप्लिकेशन नावाची ऑनलाइन अर्जाची सोय उभी केली, आणि एकेक कला महोत्सव तिकडे सरकले. सुरुवातीची अट वाचून मला हसूच आलं: फोटो चौकोनी हवा, १९२० बाय १९२० पिक्सेल, आणि वस्तूचा फोटो लांबट असेल तर उरलेली जागा काळ्या रंगानं भरा. म्हणजे ती चंदेरी टेपच, पिक्सेलमध्ये पुनर्जन्म घेतलेली. कोडाक्रोमचा शेवटचा रोल कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या लॅबनं २०१० च्या अखेरीस स्वीकारला, आणि ते प्रकरण मिटलं.

दुसरीकडे जून २००५ मध्ये ब्रुकलिनमध्ये एट्सी सुरू झालं. हातानं केलेल्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान. आता बघणारा अंधाऱ्या खोलीत नव्हता, पांढऱ्या वेबपेजसमोर होता. तिथे ते काळं-राखाडी आभाळ सुतकी दिसायला लागलं. बॅकग्राउंड पांढरं झालं, मग लाकडी फळी आली, मग कॉफीचा कप, वाळलेलं फूल, आणि शेवटी माणसाचा कान. परीक्षकाला माप अर्जात लिहून दिलेलं असायचं. ग्राहक माप वाचत नाही, त्याला कान दाखवावा लागतो. तरी एक योगायोग बघा, एट्सीवरही बरीच वर्षं एका वस्तूला पाचच फोटो लावता यायचे.

आणि त्या सगळ्या धडपडीचं फळ? २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या रसीन आर्ट म्युझियमनं 'टेरा नोव्हा' नावाचं पॉलिमर कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि कायमचा संग्रह केला. त्यामागे एलिस विंटर्स या कलाकार बाईंचा मोठा वाटा. तिथे लोकांनी शेवटी काम समोर ठेवलेलं पाहिलं. काचेच्या पलीकडून, पण समोर.

हे सगळं मी का वाचत बसलो, तर माझी मावसबहीण. आमची ताई कोल्हापुरात राहते, पॉलिमर क्लेचे कानातले करते आणि फोनवर फोटो काढून विकते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं जोड परत पाठवला. फोटोत निळा होता, आला तो जांभळा. ताई म्हणाली, "अरे, मी जांभळाच केला होता, जांभळाच काढला होता!" आणि ती खरं बोलत होती.

फिल्मच्या काळात 'पांढरं म्हणजे काय' हे कारखान्यात ठरलेलं असायचं: एक फिल्म उन्हासाठी, एक बल्बसाठी. चुकलं तर दर वेळी सारखंच चुकायचं, आणि सारखी चूक दुरुस्त करता येते. फोन मात्र प्रत्येक फोटोला नव्यानं अंदाज बांधतो. ढोबळमानानं तो असं धरून चालतो की चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर राखाडी यावा. आता फ्रेमभर केशरी कानातलं असेल तर फोनला वाटतं, खोलीतला उजेडच केशरी आहे, आणि तो सगळ्यात निळा ओततो. त्यात जांभळा हा कॅमेऱ्याला मुळातच अवघड रंग. डोळा आणि सेन्सर तो सारखा बघत नाहीत. वर बाजूला ट्यूबलाइट आणि खिडकी दोन्ही चालू. मग फोन सावल्या उचलतो, चमक दाबतो, आणि ताईची मायका शिफ्टची नक्षी पुसून टाकतो. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला हे सगळं का केलंय ते कळतं. जेवणाचे आणि चेहऱ्यांचे फोटो त्यानं सुधारतात. मण्याचे नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. ट्यूबलाइट बंद. खिडकी एकच, उत्तरेकडची, आणि तिच्यावर बटर पेपर. इंग्रजी पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचं फार कौतुक असतं, तिथे ऊन येतच नाही म्हणून. पण ती पुस्तकं वरच्या अक्षांशांवर लिहिलेली. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीही डोक्याच्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन घुसतं. मागे राखाडी कार्डशीट वळवून ठेवलेला. समोरून थर्माकोलचा तुकडा, सावली उचलायला. कार्डशीटवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक. व्हाइट बॅलन्स प्रो मोडमधून हातानं. फोन मण्याला चिकटवायचा नाही, कारण रुंद लेन्स जवळून गोल मण्याचं नाक फुगवते. एक हात मागे जाऊन दोन पट झूम. आणि मायका शिफ्टसाठी बटर पेपर काढून खिडकीला फक्त एक फट ठेवायची.

ताईनं यंदा एका हस्तकला प्रदर्शनाला अर्ज केलाय. तिथेही फोटो मागितलेत, पाच. चार ठरले. पाचव्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. मी म्हणतो, राखाडीवरचा तो एकटा मणी दे, त्यात तो राजासारखा दिसतो. ती म्हणते, "दिसतो रे, पण तो हातात घेतल्यावर एवढासा असतो. मला त्यांना एवढासाच दाखवायचाय." तिनं आजीच्या तळहातावर मणी ठेवून एक फोटो काढलाय. तळहातावरच्या रेषा आणि मण्यावरची नक्षी साधारण एकाच जाडीच्या आहेत. अर्जाची मुदत रविवारी संपतेय. कुठला फोटो पाठवावा, कमेंटमध्ये सांगा. दोन्ही खाली लावलेत, आणि दोन्हींत जांभळा जांभळाच आहे, मी मणी शेजारी धरून तपासलाय.